अजून न झालेल्याचा क्रमांक

डेबियन या संगणक प्रणालीच्या आवृत्त्यांची यादी वाचायला घेतली की सुरुवातीलाच एक दात पडलेला दिसतो. १९९५ साली ०.९३ आहे, जून १९९६ मध्ये १.१ आहे, मधली १.० कुठेच नाही. झाले असे, की १९९५ च्या अखेरीस सीडी विकणाऱ्या एका कंपनीने घडण चालू असलेली, अर्धीकच्ची डेबियन तबकडीवर भरली, तिच्यावर ‘१.०’ असे छापले आणि माल बाजारात सोडून दिला. ११ डिसेंबरला कंपनी आणि डेबियन प्रकल्प या दोघांनी मिळून जाहीर केले की ही आवृत्ती खरी नव्हे, तिच्या वाटेला जाऊ नका. पण आकडा तर खर्ची पडला होता. पुढे खरी १.० काढली असती, तर गिऱ्हाइकाने हातातली खरी की खोटी हे ओळखायचे कसे? म्हणून पुढची खरी आवृत्ती जन्माला आली ती १.१ हे नाव घेऊनच.

तेव्हापासून डेबियनवाले घडणीतल्या आवृत्तीला टोपणनावाने हाक मारतात. बझ, रेक्स, बो ही सगळी नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातली, कारण त्या वेळचे प्रकल्पप्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. जी शाखा कायम घडणीतच राहते, जिची आवृत्ती कधीच निघत नाही, तिचे नाव सिड. चित्रपटातला खेळणी मोडणारा पोरगा.

मराठी घरात ही सावधगिरी कोणाला शिकवावी लागत नाही. नावांच्या याद्या महिनोन्‌महिने फिरतात, डोहाळजेवणात पेढा निघाला की बर्फी यावरून पैजा लागतात, पण कानात नाव सांगायचे ते बारशालाच. तोवर ‘बाळ’ म्हटले की भागते. सॉफ्टवेअरला ही चैन परवडत नाही. जन्मायच्या आतच ते चाचणीसाठी असंख्य यंत्रांवर पोहोचवावे लागते, आज एक, आठवड्याने दुसरे, आणि प्रत्येक यंत्राला एकच गोष्ट कळायला हवी असते: आधी आलेले जुने की आत्ता आलेले? यंत्राला ‘बाळ’ समजत नाही. त्याला क्रमांक लागतो.

आणि तिथे एक जुना प्रश्न नव्या कपड्यांत उभा राहतो. जे अजून झालेच नाही, त्याला नाव द्यायचे तर ते कोणाचे नाव?

या प्रश्नाशी भारतात सर्वांत चिवटपणे झुंजले ते नैयायिक आणि वैशेषिक. ‘नाही’ हीसुद्धा एक गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. द्रव्य, गुण, कर्म वगैरे सहा पदार्थ झाल्यावर अभाव हा सातवा, आणि त्याचे चार प्रकार. वाऱ्याला रूप नाही. ते कधी नव्हते आणि कधी असणारही नाही, तो अत्यंताभाव. मडके म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. मडके फुटल्यावर त्याचे जे नसणे उरते तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही, कारण तेच मडके पुन्हा होत नाही. आणि मडके घडण्याआधी जे त्याचे नसणे असते तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, मात्र शेवट आहे. मडके झाले, की त्याचा प्रागभाव संपला. कुंभार मडक्याची दोन अर्धुके हातात घेऊन ‘आता इथे मडके होईल’ म्हणतो, तेव्हा तो या प्रागभावाबद्दलच बोलत असतो.

या मांडणीत एक अट आहे. अभाव नुसता नसतो, तो नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगीचे नाव घेतल्याशिवाय अभावाचे नावच घेता येत नाही. प्रकाशनपूर्व आवृत्तीची हीच अडचण आहे. ‘१.० ची उमेदवार आवृत्ती’ असे म्हणताना ज्या १.० चे नाव उसने घेतलेले असते, ती १.० अजून कुठे नाही.

आता हे प्रत्यक्ष यंत्रावर कसे घडते ते जवळून बघण्यासारखे आहे. डेबियनचे पॅकेज सांभाळणारा कार्यक्रम दोन क्रमांक डावीकडून उजवीकडे तुकड्यातुकड्याने ताडून बघतो: आकडे नसलेला तुकडा, मग आकड्यांचा तुकडा, पुन्हा आकडे नसलेला. आकड्यांचा तुकडा संख्या म्हणून वाचला जातो, म्हणून १.१० ही १.९ हून मोठी ठरते. शाळेतला दशांश इथे चालत नाही. मूळ लेखकाने उमेदवार आवृत्तीला (‘रिलीज कँडिडेट’, म्हणजे आरसी) ‘१.०आरसी१’ असे नाव दिले, आणि पॅकेज बांधणाऱ्याने ते जसेच्या तसे उचलले, तर काय होते? १.० पर्यंत दोन्ही सारखे. पुढे एकीकडे ‘आरसी’ आहे, दुसरीकडे काहीच नाही. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असणे मोठे, हा साधा हिशेब, म्हणून उमेदवार वरचढ ठरतो. पंधरा दिवसांनी खरी १.० आली तरी यंत्र ती घेत नाही. त्याच्या लेखी आपल्याकडे आहे तेच पुढचे आहे.

सुरुवातीला लोकांनी यावर ओढूनताणून उपाय काढले. ‘०.९.९+१.०आरसी१’ अशा धाटणीची नावे दिली, म्हणजे खालचा आकडा पुढे करून खरे नाव त्याच्या शेपटीला बांधायचे. मग एक चिन्ह आले आणि सगळे सोपे झाले: टिल्ड, म्हणजे ‘~’ ही नागमोडी रेघ. नियम असा, की ही रेघ कशाच्याही आधी लागते, अगदी ‘काहीच नाही’च्याही आधी. १.०~आरसी१ ही १.० पेक्षा लहान. दोन रेघा एका रेघेपेक्षाही लहान. डेबियनचे पुढारी काही न्यायशास्त्राचा तर्कसंग्रह वाचून बसले नव्हते, त्यांना आपला गुंता सोडवायचा होता. पण त्यांच्या हातून प्रागभावाला चिन्ह मिळाले. शून्य म्हणजे रिकामी जागा. ही रेघ म्हणजे भरली जाणार असलेली रिकामी जागा, आणि ती साध्या रिकाम्या जागेच्या खाली उभी राहते. आरपीएम पद्धतीच्या पॅकेजांनीही २०१२ च्या सुमारास हीच रेघ स्वीकारली.

ज्या कार्यक्रमाची एकही आवृत्ती कधी निघालेली नाही, त्याच्यासाठीही यातून सोय झाली. पॅकेजवाले त्याला ‘०~’ लिहून पुढे तारीख जोडतात. म्हणजे शून्यसुद्धा अजून व्हायचे आहे.

खाचखळगे उरतातच. अल्फा, बीटा, आरसी ही नावे वर्णक्रमाने ओळीत लागतात हा निव्वळ योगायोग. कोणी अगदी सुरुवातीच्या कच्च्या मसुद्याला ‘डेव्ह’ म्हटले, की रोमन वर्णमालेत बी नंतर डी, म्हणून १.०~डेव्ह ही १.०~बीटाच्या पुढे जाऊन बसते. कच्चे पक्क्याच्या वर. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात हे ओळखून नियमातच लिहून ठेवले आहे, की डेव्ह सर्वांत आधी, मग अल्फा, बीटा, आरसी आणि शेवटी पूर्ण आवृत्ती; शिवाय तिथला पिप हा कार्यक्रम मुद्दाम सांगितल्याशिवाय यातली कच्ची आवृत्ती सहसा उचलतच नाही. क्रमांक देण्याच्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या सेमव्हर पद्धतीत वेगळीच गंमत. तिथे ‘आरसी१०’ असे सलग लिहिले तर ते अक्षरे म्हणून वाचले जाते आणि ‘आरसी९’च्या आधी लागते. मध्ये टिंब देऊन ‘आरसी.१०’ लिहावे लागते. एका टिंबासाठी दुपार वाया गेलेले लोक पुण्यापासून सॅन होजेपर्यंत सापडतील.

पण खरा पेच चिन्हांचा नाही. रेघ यंत्राला एवढेच सांगते, की हे अमक्याच्या आधीचे आहे. ते अमके येणारच, याची हमी रेघ देऊ शकत नाही, आणि न्यायाच्या भाषेत सगळी मेख इथेच आहे. प्रागभाव संपतो, ही त्याची व्याख्याच आहे. जे मडके कधी झालेच नाही, त्याचा प्रागभाव होता असे म्हणता येत नाही. तो प्रागभाव होता की कायमचे नसणे होते, हे मागाहूनच कळते. तरीही उमेदवार आवृत्तीचा क्रमांक आज, आत्ता, छातीठोकपणे सांगतो की हा प्रागभाव आहे. तो आकड्याच्या वेषातला शब्द आहे, कोणीतरी कोणालातरी दिलेला.

पीएचपी ६ चे उदाहरण घ्या. या प्रोग्रामिंग भाषेची सहावी आवृत्ती येणार, तिच्यात जगातल्या सगळ्या लिपींसाठी युनिकोड मुळापासून असणार, असे ठरले होते. वर्षानुवर्षे काम चालले. प्रकाशकांना धीर धरवला नाही. ‘पीएचपी ६’ असे नाव मुखपृष्ठावर मिरवणारी जाडजूड पुस्तके दुकानांत आली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ती हीच. काम फसले आणि २०१० मध्ये ते गुंडाळण्यात आले. पुढे नव्या आवृत्तीला ६ म्हणावे की ७, यावर २०१४ साली रीतसर मतदान झाले आणि ७ जिंकले, कारण ६ या आकड्याला तोवर न झालेल्या वस्तूचा वास लागला होता. पीएचपी ७ डिसेंबर २०१५ मध्ये आली. सहाव्या आवृत्तीवरची पुस्तके मात्र खरी आहेत, रद्दीच्या दुकानात मिळूही शकतील. प्रतियोगी नाही, त्याच्यावरची टीका तेवढी उपलब्ध.

एकदा शब्द चुकला की निस्तरण्याचे मार्ग दोन, आणि दोन्ही मजेशीर. पहिला म्हणजे एपॉक. डेबियनमध्ये क्रमांकाच्या आधी एक आकडा आणि विसर्गासारखी दोन टिंबे लावता येतात, ‘१:१.०’ हे ‘९९.०’ पेक्षा मोठे. एपॉक म्हणजे युगच. सगळे हाताबाहेर गेले की युग बदलायचे आणि मोजणी नव्याने सुरू करायची, हा पुराणांतला तोडगा इथे अक्षरशः चालतो. पण एकदा बदललेले युग मागे घेता येत नाही. गिट हा आज प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरातला कार्यक्रम. डेबियनमध्ये त्याच्या क्रमांकाआधी आजही ‘१:’ लागतो. गिटने काहीच पाप केलेले नाही. त्याच्या आधी याच नावाचे एक दुसरेच पॅकेज तिथे नांदत होते आणि त्याचा क्रमांक ४.३ च्या घरात होता. नाव हाती आले ते आधीच्या मालकाच्या प्रारब्धासकट.

दुसरा मार्ग ‘रिअली’ हा शब्द. २.० घाईने पुढे ढकलली, ती बिघडलेली निघाली, आता १.९ वर परतायचे आहे. पण यंत्राला मागे जाणे ठाऊक नाही. मग क्रमांक दिला जातो ‘२.०+रिअली१.९’. म्हणायला दोन, खरे तर एक पूर्णांक नऊ. धर्मराजाने द्रोणाचार्यांसमोर हत्तीचा उल्लेख पुटपुटला होता. पॅकेजवाले निदान तो मोठ्याने करतात, तोही नावातच.

प्रोग्रामिंग भाषांच्या पॅकेज-भांडारांत तर एवढीही मुभा नाही. पायथनच्या किंवा एनपीएमच्या सार्वजनिक भांडारात एखादी आवृत्ती चढवून मग काढून टाकली, तरी तो क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. प्रध्वंसाभाव: सुरुवात आहे, शेवट नाही.

मग करायचे काय? पॅकेज बांधणाऱ्यांच्या जगात दोन घराणी आहेत, आणि त्यांच्यातला फरक कोणत्याही मराठी आजीला एका वाक्यात सांगता येईल. मुलीचे वय विचारले तर एक जण म्हणतो ‘तीन पूर्ण झाली’, दुसरा म्हणतो ‘चौथे लागले’. पोर तेच, दिवस तोच. जुन्या शिलालेखांतही शकाचे वर्ष कधी गत म्हणून दिलेले असते, कधी वर्तमान म्हणून, आणि इतिहासकारांना दर वेळी ठरवावे लागते की हा आकडा सरलेल्या वर्षांचा की चालू वर्षाचा. पॅकेजांत समजा शेवटची आवृत्ती १.४ निघाली आहे आणि जून महिन्यातला कच्चा मसुदा पाठवायचा आहे. गतवाला लिहितो ‘१.४+’ आणि पुढे तारीख. वर्तमानवाला लिहितो ‘१.५~’ आणि पुढे तीच तारीख. पहिला म्हणतो, १.४ होऊन एवढे पुढे आलो. दुसरा म्हणतो, १.५ ला एवढे कमी आहे.

दोन्ही खरे वाटते, पण नुकसान एकातच आहे. समजा मूळ लेखकाने १.५ चा बेत लांबवला आणि सुरक्षेची एक तातडीची दुरुस्ती करून आधी १.४.१ काढली. ‘१.५~’ वाली यंत्रे तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत, कारण त्यांच्या मते १.४.१ जुनी आहे. दुरुस्ती दारात उभी आणि दार बंद. ‘१.४+’ वाली यंत्रे ती निमूट घेतात, पुढे १.५ आली तर तीही घेतात, आणि १.५ ऐवजी लेखकाला लहर येऊन २.० आली तरी त्यांचे काही बिघडत नाही. घडून गेलेल्याचा आधार घेतला की पुढे काहीही घडो, क्रमांक खोटा पडत नाही. गिटमध्ये मसुद्याला आपोआप नाव देणारी जी आज्ञा आहे, तीही असेच करते: मागची शेवटची खूण सांगते, तिच्यानंतर किती बदल झाले ते सांगते आणि थांबते. पुढच्या खुणेबद्दल ती बोलत नाही. तिला ती माहीतच नसते, आणि खरे तर कोणालाच नसते.

पुढचे माहीत आहे असे वाटणे किती फसवे असते, याचा दाखला खुद्द लिनक्सच्या गाभ्याचा आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ काढली, आणि मार्चमध्ये थेट ०.९५ वर उडी घेतली. त्यांना वाटले होते, १.० आता अगदी हाताशी आहे. डिसेंबरमध्ये ०.९९ आली. मग आकडे संपले. १.० तर अजून तयार नव्हती. म्हणून ०.९९ च्या मागे दुरुस्त्यांचे आकडे लागत गेले, पंधरापर्यंत पोहोचले, आणि त्यांच्याही मागे अक्षरे लागली. १.० बाहेर पडली १४ मार्च १९९४ रोजी. नव्व्याण्णववर पंधरा महिने. वाइन या प्रकल्पाने त्याहून कमाल केली: १९९३ साली सुरुवात आणि १.० जून २००८ मध्ये.

सोयीसाठी केलेली उलटी चालही असते. जीमेल १ एप्रिल २००४ ला आली आणि जुलै २००९ पर्यंत तिच्या नावाखाली ‘बीटा’ लिहिलेले होते. पाच वर्षे. एव्हाना लोकांची नोकरीची पत्रे, लग्नाच्या पत्रिका, कर्जाची कागदपत्रे त्यातून जात होती. इथे प्रागभावाचे नाव ढाल म्हणून वापरलेले दिसते: अजून झालेच नाही, तर दोष कुणाला देणार? सेमव्हरनेही एक पूर्णांकाच्या खालच्या आवृत्त्यांना अशीच सूट दिली आहे, तिथे काहीही कधीही बदलू शकते. मग कित्येक प्रकल्प वर्षानुवर्षे शून्यातच मुक्काम ठोकतात. त्यापेक्षा लिनसची चुकलेली उडी बरी. त्यात निदान उमेद तरी होती.

नैयायिकांचे प्रतिस्पर्धी सांख्य. त्यांना प्रागभाव मान्यच नव्हता. कार्य कारणात आधीपासून असते, फक्त दिसत नसते, असे त्यांचे म्हणणे. तिळातून तेल निघते, वाळूतून निघत नाही, कारण ते तिळात आधीच आहे. घडणे म्हणजे नव्याने होणे नव्हे, उघड होणे. सॉफ्टवेअरच्या क्रमांकांत या मताचा पुरस्कर्ता एकच सापडतो, आणि तो आहे डोनाल्ड क्नूथ.

क्नूथ यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली घडवली. गणिताची पुस्तके आणि शोधनिबंध आजही मोठ्या प्रमाणावर तिच्यावरच जुळतात. १९९० साली तिसरी आवृत्ती काढल्यावर त्यांनी जाहीर केले, की आता नवे काही भरायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर क्रमांकात पाय या संख्येचा एकेक दशांश वाढवायचा: ३.१, ३.१४, ३.१४१. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक थेट पाय करावा, आणि त्या वेळी उरलेल्या सगळ्या चुका या कार्यक्रमाचे गुणधर्म समजाव्यात, अशी त्यांची इच्छा आहे. सोबतच्या मेटाफॉन्ट या कार्यक्रमाचा क्रमांक तसाच ई या संख्येकडे सरकतो. इथे ‘उमेदवार’ नाही, ‘पूर्ण’ही नाही. प्रत्येक आवृत्ती अपुरी आहे आणि तरी चालू आहे. पुढच्या आवृत्तीत काय दुरुस्त होईल हे कोणालाच माहीत नाही, पण तिचे नाव तिच्या जन्माआधीच ठरलेले आहे आणि ते चुकू शकत नाही.

टेकचा सध्याचा क्रमांक ३.१४१५९२६५३ आहे. तो २०२१ च्या उजळणीत लागला. पुढची उजळणी क्नूथ यांनी २०२९ साठी ठेवली आहे. तेव्हा एखादी जरी चूक सापडली, तर पुढचा आकडा ५.